तलावाचा फोटो आणि मस्टरवरचे अंगठे



आज आम्ही तुमच्याशी फोटोंबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर फोटोंचं काय बोलायचं, असं तुम्ही म्हणाल. ऐकून का कुठं फोटो दिसतो? पण आमचा गेल्या वर्षाचा अनुभव असा आहे, की जागेचा फोटो नुसता बघून कळत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो. म्हणून हा विषय रेडिओलाच जास्त शोभतो असं आम्हाला वाटतं.

झालं असं, की आमच्या बचत गटानं गावाच्या आसपासच्या काही जागांचे फोटो काढले आणि त्यांची एक मालिका केली. लग्नाचे नाहीत, जत्रेचे नाहीत, पर्यटनाचेही नाहीत. ज्या जागांशी आमच्यातल्या बायकांचं काही देणंघेणं आहे, अशाच जागा घेतल्या. एक पाझर तलाव, एक खडीचा रस्ता, एक चिंच, एक विहीर, एक उघडा माळ आणि एक नुसतं पाणी. प्रत्येक फोटोखाली चार-पाच ओळी, त्या जागेवर राबलेल्या बाईच्या तोंडच्या.

हे करता करता आमच्या मनात आलं, की असं काम आपल्याआधी कुणी केलं असेल? आपल्या मुलखातल्या डोंगरांचे, घाटांचे, धरणांचे पहिले फोटो कुणी काढले? त्यात बायका कुठं होत्या? आम्ही वाचत गेलो, शिकलेल्या लेकींना विचारत गेलो. जे हाती आलं ते आधी सांगतो. मग आमच्या तलावाचं सांगतो.

बोरघाटातली बाई

मुंबईहून पुण्याला रेल्वेनं जाताना कर्जत सोडलं की घाट लागतो. तो बोरघाट. बोगद्यामागून बोगदे येतात, पोरं ओरडतात, आपण खिडकीतून दरी बघतो. हा लोहमार्ग बांधायला १८५६ साली सुरुवात झाली आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये तो सुरू झाला. सुमारे पंधरा मैलांत गाडीला अठराशे फुटांहून जास्त चढ चढवायचा होता. त्यासाठी २५ बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले.

हे काम पहिल्यांदा ज्या इंग्रज ठेकेदाराकडं होतं, त्याच्या काळात मजुरी थकली. १८५९ च्या सुरुवातीला मजूर चिडून उठले, मोठा दंगा झाला. पुढं त्या ठेकेदारानं काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा ठेकेदार विलायतेहून आला. तो बायकोला घेऊन आला होता. आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. आता परक्या मुलखात एकटी पडलेली बाई काय करेल? पहिल्या बोटीनं माघारी जाईल, असंच कुणालाही वाटेल. पण ही बाई, ॲलिस ट्रेडवेल तिचं नाव, तिनं नवऱ्याचा ठेका आपल्याकडं घेतला. दोन जाणते इंजिनिअर हाताशी ठेवले आणि काम पुरं करून दिलं.

आणखी एक गोष्ट. बोरघाटाचं काम चालू असतानाच्या फोटोंचा एक संग्रह ॲलिस ट्रेडवेलच्या नावानं ओळखला जातो आणि तो विलायतेत जपून ठेवलेला आहे. अर्धवट उभे पूल, बोगद्यांची तोंडं, फोडलेले कडे. एका विधवेचा सगळा भार ज्या डोंगरावर पडला होता, त्या डोंगराचे हे फोटो. तिला तो घाट बघताना काय वाटत असेल याचा आपण अंदाजच करायचा. पण एवढं खरं, की ज्या जागेनं आपलं आयुष्य फिरवलं, ती जागा माणूस पुन्हा पुन्हा बघतो. शेताच्या बांधावर बसून नुसतं समोर बघत राहिलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या बघण्यात आणि या फोटोंत फार अंतर नसावं.

जो हलला, तो पुसला

आता याच फोटोंची दुसरी बाजू. १८६१ च्या सुमारास बोरघाटात एका वेळी ४२,००० च्या वर माणसं कामाला होती. एवढी माणसं म्हणजे आपल्याकडची वीस-पंचवीस गावं. त्यात बायका होत्या, पोरं होती. डोक्यावर पाटी घेऊन माती-दगड वाहणं हे त्यांचं काम. पटकीची साथ यायची, ताप यायचा, सुरुंग उडताना माणसं जायची. किती गेली याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही.

मग फोटोंत ती माणसं का ठळक दिसत नाहीत? याचं एक कारण त्या काळच्या कॅमेऱ्यात आहे. तेव्हा फिल्म नव्हती. काचेच्या तावदानावर औषधाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तिथल्या तिथं अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायचा. ही ओल्या काचेची पद्धत १८५१ साली निघाली. तिच्यात कॅमेऱ्याचं तोंड बऱ्याचदा काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात जो स्थिर उभा राहिला तो स्वच्छ उमटला. जो हलला तो धुक्यासारखा झाला, नाहीतर पुसला गेला.

हे आम्हाला कळलं तेव्हा गटाच्या बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. कारण काम करणारा माणूस हलतोच. हातात छडी घेऊन उभा असलेला साहेब स्थिर असतो. पाटी उचलणारी बाई स्थिर कशी राहील? म्हणून डोंगर उमटला, पूल उमटला, टोपी घातलेला साहेब उमटला. पाटीवाली गेली. हे कुणी मुद्दाम केलं असं नाही. पण झालं ते असंच झालं.

एक गोष्ट मात्र त्याच काळात मुद्दामही केली गेली. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात मद्रासकडं एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यानं उपासमारीनं हाडाचे सापळे झालेल्या माणसांना ओळीनं बसवून त्यांचे फोटो काढले. विलोबी हूपर त्याचं नाव. त्यावरून त्याच्यावर त्या काळीही टीका झाली. त्याच दुष्काळात आपल्याकडं नीरा डाव्या कालव्यासारखी कामं दुष्काळी मजुरांच्या हातून सुरू झाली. आज त्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे. पण तो पहिल्यांदा खणणारी बाई कोण होती, हे कालव्याच्या काठावर कुठं लिहिलेलं आम्ही तरी पाहिलं नाही.

फोटो कुणाचा, नाव कुणाचं

मुंबईत फोटोचा छंद लवकर रुजला. १८५४ साली तिथं फोटोग्राफीची मंडळी जमून एक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. म्हणजे आपल्या माणसांच्या हातात कॅमेरा फार लवकर आला. बाईच्या हातात यायला मात्र वेळ लागला.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्त-छायाचित्रकार. त्यांचा जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. शिक्षण मुंबईला. स्वातंत्र्याच्या वेळचे कितीतरी प्रसिद्ध फोटो त्यांच्या हातचे आहेत. साडी नेसून, खांद्यावर कॅमेरा टाकून त्या सायकलवरून हिंडत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं. बाईला कोण ओळखतं, असा काळ तो.

हे ऐकून आमच्यातल्या एक वहिनी हसल्या. म्हणाल्या, "आपल्या शेताचं तेच की. राबायचं आपण, सातबारा त्यांच्या नावावर." हसण्यावारी गेलं ते. पण आमच्या मालिकेचा नियम तिथंच ठरला. फोटो जिनं काढला तिचं नाव लिहायचं. जागा जिनं सांगितली तिचं नाव लिहायचं. आणि त्या जागेवर ज्या राबल्या, त्यांची जेवढी मिळतील तेवढी नावं लिहायची.

बहात्तरचा तलाव

आता आमचा तलाव. आमचा भाग माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यातला. आमच्याकडं कुठल्याही म्हातारीला वय विचारलं तर ती आकडा सांगत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता," असं सांगते. त्यावरून आपण हिशेब करायचा.

त्या सुमाराला लागोपाठ तीन वर्षं पावसानं ओढ दिली. १९७२ ला तर पीक हातात आलंच नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते करायचे, नालाबांध घालायचे, पाझर तलाव बांधायचे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर रोज जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिला मिलो म्हणायचे, ती खायला मिळायची. कामावर सुकडी वाटायचे. सुकडीची चव आमच्या आज्यांना अजून आठवते. काहींना आवडायची. काहींना नाव काढलं तरी नको होतं.

याच कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली. तिच्यामागं वि. स. पागे यांचा विचार होता. त्यांनी हा प्रयोग आधी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिला होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि कामावर पिण्याचं पाणी, सावली, तान्ह्या पोरांची सोय. २००५ साली दिल्लीत जो देशभराचा कायदा झाला, त्याला आपल्या महाराष्ट्राच्या या अनुभवाचा मोठा आधार होता. म्हणजे तुमच्या-आमच्या सासवांनी डोक्यावर वाहिलेली पाटी देशाच्या कायद्यापर्यंत पोचली.

आमचा पाझर तलाव त्या वर्षाचा. पाझर तलावाचं पाणी पाटानं शेताला जात नाही. ते जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना फुटतं. त्यामुळं तलाव कोरडा दिसला तरी त्याचं काम चालू असतं. बांधताना आधी खाली खंदक खणायचा. त्यात काळ्या मातीचा गाभा भरत वर आणायचा, म्हणजे पाणी फुटून जात नाही. दोन्ही अंगांनी मुरमाचा भराव. पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग. एका कडेला सांडवा. हे सगळं आम्हाला पुस्तकानं सांगितलं नाही. आमच्या गटातल्या एका सुनेच्या आजेसासूनं भरावावर काठी टेकवत टेकवत सांगितलं. "हितं काळी हाय. खालच्या रानातनं आणली. डोक्यावर." शाळा त्यांनी पाहिलेली नाही. पण तो भराव त्यांना थरासकट पाठ आहे.

आम्ही तलावाचा फोटो काढायला गेलो तेव्हा आमच्या मनात होतं पाणी, त्यावर पडलेलं ऊन, पलीकडचा डोंगर. छान दिसणारा फोटो. आजीबाईंना ते काही पटेना. त्यांनी आम्हाला भरावाच्या मागच्या अंगाला नेलं. तिथं नुसता उतार आणि बाभळी. म्हणाल्या, "फोटू हितनं काढ. पाणी काय, पावसानं भरलं. आमी केलं ते हे." आम्ही तिथूनच काढला. मालिकेतला तो पहिला फोटो आहे. दिसायला साधा मातीचा उंचवटा. खालच्या ओळी वाचल्या की माणूस पुन्हा वर बघतो.

मस्टरवरचे अंगठे

त्या कामावर किती बायका होत्या, त्यांची नावं काय, हे कुठं मिळेल? तेव्हा हजेरी मस्टरवर व्हायची. नाव पुकारायचं, बाईनं अंगठा उठवायचा, मग मजुरी. म्हणजे नावं होती. आम्ही विचारपूस केली तेव्हा कळलं, की इतक्या जुन्या मस्टरचे कागद आता कुणाकडं नाहीत. शाईचे ते अंगठे गेले.

मग उरल्या त्या बायकाच. बहात्तर साली जी अठरा-वीस वर्षांची सून होती, ती आज सत्तरीच्या पुढं आहे. दरवर्षी एक-दोघी कमी होतात. आमची घाई यासाठी होती. सातारा नाही, पुणे नाही, कुठलीच कचेरी ही नावं आता देणार नाही. ती त्यांच्या तोंडूनच घ्यावी लागणार.

आम्ही घरोघर गेलो. आजीला विचारायचं, तुमच्या गँगमध्ये कोण कोण होतं? पहिल्यांदा उत्तर यायचं, "लई जणी हुत्या, आता काय ध्यानात." मग आम्ही मोबाइलवर भरावाचा फोटो दाखवायचो. फोटो बघितला की बोटं स्क्रीनवर फिरायची. "ह्या टोकाला आमची गँग. मुकादम हितं बसायचा. माझ्या पाटीला अमकी, तिच्या फुडं तमकी." एकेक नाव यायचं. बहुतेक नावं "अमक्याची आई", "तमक्याची बायको" अशी. मग आणखी विचारायचं, तिचं स्वतःचं नाव काय? एका आजीनं तिच्या जोडीदारणीचं नाव आठवायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी नातवाकरवी निरोप पाठवला. नाव सापडलं होतं.

फोटोनं आठवणीला टेकायला जागा दिली. हा त्याचा सगळ्यात मोठा उपयोग आम्ही पाहिला.

चिंचेखालचे दोन माठ

तलावाच्या कामाजवळ एक चिंच होती. ती अजून आहे. तिच्या फांद्यांना लुगड्याच्या झोळ्या बांधून तान्ही पोरं झोपवायचे. एखादी म्हातारी नाहीतर अडलेली बाई पोरं राखायला बसायची. बायका पाटी टाकून येता येता झोळीला एक झोका द्यायच्या आणि पुढं जायच्या. या चिंचेचा फोटो सगळ्यांना हवा होता. गावातले आज पन्नाशीच्या पुढचे कितीतरी बाप्ये त्या झोळीत झोपलेले आहेत.

पण वस्तीवरच्या एका मावशींनी चिंचेखाली उभं राहून दुसरंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "हितं पाण्याचे दोन माठ हुते. एक तुमचा, एक आमचा. आमचा उन्हात."

या दोन ओळी फोटोखाली लिहायच्या की नाही, यावर आमच्या गटात तीन बैठका झाल्या. कुणी म्हणालं, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, आता तसं काही राहिलेलं नाही. कुणी म्हणालं, चांगलं चाललंय, त्यात विघ्न नको. एकजण म्हणाली, "ज्यांच्या सासवांनी माठ वेगळा ठेवला त्यांना वाईट वाटेल." त्यावर वस्तीवरची एक तरुण मुलगी शांतपणे म्हणाली, "आणि जिनं उन्हातलं पाणी प्यालं तिला?"

शेवटी आम्ही मावशींनाच विचारलं. लिहू का? तुमच्या नावासकट लिहू का? त्यांनी दोन दिवसांनी होकार दिला. म्हणाल्या, "झोळीचं बी लिवा. माझं पोरगं बी त्याच झाडाला झोपलं. झाड एकच हुतं." आता त्या फोटोखाली दोन्ही गोष्टी आहेत. झोळ्याही आणि माठही. मालिका बघताना लोक या फोटोपाशी जास्त वेळ थांबतात. काही जण काही न बोलता पुढं जातात. ते चालेल. बोरघाटाच्या फोटोत पाटीवाली पुसली गेली, तेव्हा यंत्राचा दोष होता असं म्हणता येईल. आज आपल्या हातातला मोबाइल डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात फोटो घेतो. आता कुणी पुसलं गेलं, तर ते आपण पुसलं असं होईल.

पाण्याखालचं माहेर

मालिकेत एक फोटो नुसत्या पाण्याचा आहे, असं सुरुवातीला सांगितलं. तो उजनीचा. भीमेवरचं हे धरण १९८० च्या सुमारास पुरं झालं आणि इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड या बाजूंची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ त्या पाण्यात आहे. पाणी फार खाली गेलं, दुष्काळ पडला, की ते वर दिसतं. लोक मग फोटो काढायला जातात. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायलाही पुण्या-मुंबईहून माणसं येतात. फोटो सुंदर येतात.

आमच्या गटातल्या एका ताईंचं माहेर त्या पाण्याखाली आहे. त्या लहान होत्या तेव्हा गाव उठलं. रोहित पक्ष्यांचा फोटो कुणी दाखवला की त्या पक्षी बघत नाहीत. मागचा डोंगर बघतात, कारण डोंगराच्या टोकावरून त्या आपलं घर कुठं असेल याचा अदमास घेतात. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी काठावर उभं राहून बराच वेळ अंदाज घेतला आणि बोट केलं. तिथला फोटो काढला. पाणी, आकाश, दुसरं काही नाही. खाली त्यांनी सांगितलेलं लिहिलं आहे: अंगणातून डाव्या हाताला किती पावलांवर विहीर, विहिरीपुढं कुणाची ताल, पलीकडं कुणाचं जातं. त्या ओळी वाचून झाल्या की पाणी रिकामं राहत नाही.

असंच गोव्यात कुर्डी नावाच्या गावाचं आहे. सांगे तालुक्यात साळावली धरण झालं आणि १९८० नंतरच्या काळात कुर्डी पाण्याखाली गेलं. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव उघडं पडतं. जुने गावकरी दरवर्षी तिथं जमतात. देवळापाशी उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळींचा सणही होतो. घराच्या उरलेल्या जोत्यावर उभं राहून माणसं पोरांना सांगतात, ही ओटी, ही चूल. पाऊस आला की गाव पुन्हा बुडतं. उजनीच्या आमच्या ताईंना हे ऐकून हेवा वाटला. त्यांच्या वाट्याला तेवढाही महिना नाही.

फोटोनं काय होतं

तुम्ही विचाराल, एवढं करून मिळालं काय? सरळ सांगतो. फोटोनं जमीन मिळत नाही, पेन्शन मिळत नाही.

पण एक गोष्ट ऐका. २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेऊन टाकायचा. चांगली योजना आहे, तलावात पाणी जास्त मावतं, रान सुधारतं. पण गाळ नेणार कोण? ज्याच्याकडं रान आहे तो. ज्या बायकांनी तलाव खोदला त्यांतल्या निम्म्याअधिक जणींच्या घराला रान नव्हतंच. रान नव्हतं म्हणूनच त्या पहिल्या दिवसापासून कामावर होत्या. तलाव त्यांनी केला, पाणी विहीरवाल्यांना, गाळ रानवाल्यांना.

आम्ही ही मालिका महिला ग्रामसभेत मांडली. शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून फोटो चिमट्यांनी लावले. प्रत्येक फोटोपाशी त्या त्या बाईनं उभं राहून आपल्या ओळी सांगितल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांचंही अडलं नाही, आणि ज्या नुसत्या वाचून पुढं गेल्या असत्या त्या थांबल्या. मग आम्ही दोन मागण्या ठेवल्या. तलाव बांधणाऱ्या बायकांच्या नावांचा फलक भरावावर लागावा. आणि पुढच्या वेळी गाळ निघेल तेव्हा बिनजमिनीच्या घरांना परसबागेपुरता गाळ दारात मिळावा. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरीवर खळखळ झाली, पण ती ठरावात लिहिली गेली. कागदावर आली म्हणजे झालं असं नाही, हे आम्हाला मस्टरनं शिकवलं आहे. म्हणून ठरावाची नक्कल गटाच्या पेटीत आहे.

तुम्हाला करायचं असेल तर

मैत्रिणींनो, हे काम कुठल्याही गटाला जमेल. साधा मोबाइल पुरतो. आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो.

जागा आधी बैठकीत ठरवा. प्रत्येकीला विचारा, गावाभोवतीची कुठली जागा बघितली की तुला काही आठवतं? सुंदर जागा कुठली, असं विचारू नका. दहा-बाराच्या वर फोटो घेऊ नका. थोडे असले की लोक नीट बघतात.

जागेवर त्या बाईला घेऊन जा आणि कुठून काढायचा हे तिला ठरवू द्या. सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर जा. दुपारच्या उन्हात मातीचे उंचसखल भाग सपाट दिसतात. कलत्या उन्हात भराव, चर, बांध उठून दिसतात. फोटोत एखादी बाई, घमेलं, काठी असू द्या, म्हणजे जागा केवढी आहे ते कळतं.

तिचे शब्द तिच्या बोलीतच लिहा. पुस्तकी करू नका. लिहिलेलं तिला वाचून दाखवा आणि हो म्हणाली तरच ठेवा. कुणाला फोटोत यायचं नसेल तर आग्रह नको. आमच्या एका आजी फोटोत आल्या नाहीत. त्यांनी फक्त आपलं टिकाव धरायच्या जागी घट्टे पडलेले हात दाखवले आणि तेही झाकून घेतले. आम्ही तो फोटो काढला नाही. दुष्काळातल्या माणसांना ओळीनं बसवणारा गोरा अधिकारी आम्हाला आठवत होता.

आणि शेवटचं, फोटो मोबाइलमध्ये ठेवून विसरू नका. मोबाइल हरवतो, बिघडतो. कागदावर काढून घ्या. मागं तारीख, जागा, नावं लिहा. एक प्रत गटाच्या पेटीत, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवा.

आमच्या फलकासाठी नावं अजून जमा होत आहेत. काही जणी कामासाठी शेजारच्या गावांहून यायच्या, काही नंतर साखर कारखान्याकडं, मुंबईकडं गेल्या. हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या आईनं, आत्यानं, सासूनं बहात्तर-त्र्याहत्तर साली कुठल्याही तलावावर, रस्त्यावर, नालाबांधावर पाटी वाहिली असेल, तर आज संध्याकाळी चुलीपुढं बसून तिला एवढंच विचारा: तुझ्या पाटीला पाटी कोण देत होतं? जे नाव येईल ते लिहून ठेवा. ती बाई गेली असेल तरी लिहा.